स्वरभेद, शोथ आणि अवटुग्रंथी : एका चुकलेल्या निदानाच्या निमित्ताने

स्वरभेदाचा रुग्ण चिकित्सालयात आला म्हणजे आपला हात आपोआप ठरलेल्या कल्पांकडे वळतो. यष्टिमधु, वचा, कंटकारी, तालीसादि चूर्ण, चघळण्यास खदिरादि वटी आणि कोष्ण जलाचे गंडूष. बहुसंख्य रुग्णांना आठ-पंधरा दिवसांत उपशय मिळतो व ते पुन्हा त्या तक्रारीसाठी येत नाहीत. पुन्हा पुन्हा येतो तो ज्याच्या रोगाचे मूळ गळ्यात नाही असा रुग्ण. अशाच एका रुग्णेने आम्हांस जे शिकविले ते वैद्यबंधुभगिनींसमोर ठेवावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. त्यात आमची चूक आहे. ती झाकून ठेवल्याने कोणाचेच हित होणार नाही.

सुमारे पन्नाशीच्या, शिक्षिकेचा व्यवसाय असलेल्या एक बाई पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे आल्या. आवाज जड झाला आहे, चौथ्या तासाला तो अक्षरशः ओढून काढावा लागतो आणि भजनात नेहमीची पट्टी लागत नाही, ही तक्रार. घसा दुखत नव्हता; ज्वर, कास काहीच नव्हते. मलावष्टंभ, अंगजडपणा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे हे सर्व त्यांनी सांगितले होते व आम्ही ते लिहूनही घेतले होते. परंतु प्रकृती कफप्रधान, काळ वर्षा ऋतूचा, व्यवसाय अतिभाष्याचा. तेव्हा कफज स्वरभेद असे निदान करून आम्ही मोकळे झालो. दहा आठवडे चिकित्सा चालली. दोन दिवस बरे, चार दिवस जैसे थे, असा क्रम होता.

एके दिवशी औषध संपल्याचे कळविण्यासाठी बाईंनी दूरध्वनी केला. आमच्या औषधालयातील मदतनिसाने विचारले, "काका, नाव सांगा." पलीकडून उत्तर आले, "अहो, मी बाई बोलतेय. हल्ली फोनवर सगळे मला काकाच म्हणतात." मदतनीस ओशाळला, खरे तर ओशाळायला हवे होते आम्ही. दर पंधरवड्यास तो आवाज आमच्या कानांवर पडत होता, म्हणूनच तो किती खाली उतरला आहे हे आमच्या लक्षात आले नव्हते.

पुढील भेटीत आम्ही परीक्षा पुन्हा आरंभापासून केली. पापण्या फुगलेल्या, त्वचा रूक्ष व फिकट, जिव्हा जाड व तिच्या कडांवर दातांचे ठसे, नाडी मंद, मिनिटास ५६. घोट्यामागील कंडरेवर आघात केला असता पाऊल खाली जाई, पण मूळ स्थितीस येण्यास वेळ लावी. रक्तपरीक्षेत टी.एस.एच. ८० च्या वर व टी-४ अत्यंत कमी निघाले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्वरयंत्र पाहून कळविले की, दोन्ही स्वरतंतू फिकट, सुजलेले व कडांशी गोलसर आहेत. हालचाल मात्र दोन्ही बाजूंस व्यवस्थित आहे. दहा आठवडे आम्ही गळ्याची चिकित्सा करीत होतो. रोग सर्व शरीराचा होता.

संप्रेरकाचा स्वरयंत्राशी संबंध

अवटुग्रंथी म्हणजेच थायरॉईड ही श्वासनलिकेच्या पुढे, स्वरयंत्राच्या लगत खाली असते. स्वरतंतूंना हलविणारी चेतातंतू या ग्रंथीच्या मागील बाजूने वर जाते. त्यामुळे या ग्रंथीची विकृती स्वरयंत्रापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. पहिली वाट शेजाराची. ग्रंथी मोठी झाली, तिच्यात गाठ वा अर्बुद झाले की, श्वासनलिकेवर दाब येतो किंवा चेतातंतू दुखावून एका बाजूचा स्वरतंतू निश्चल होतो. ही वाट आपणां सर्वांस परिचित आहे, कारण ती गळ्यावर डोळ्यांनी दिसते व हातास लागते.

दुसरी वाट दिसत नाही. ग्रंथी आकाराने साधारण असूनही तिचे संप्रेरक कमी पडले की शरीरातील धातूंच्या मोकळ्या जागांत हायल्युरॉनिक आम्ल व त्याच्या जातीचे चिकट पदार्थ साठू लागतात. या पदार्थांचा गुण असा की, ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतात. चेहरा, पापण्या, हातपाय, जिव्हा यांना जो घट्ट फुगवटा येतो तो यामुळेच. आधुनिक शास्त्रात त्याला मिक्सिडिमा म्हणतात. स्वरतंतूंच्या आवरणाच्या अगदी खाली एक मऊ, शिथिल थर असतो आणि त्यात हायल्युरॉनिक आम्ल स्वभावतःच असते. हा थर फुगला की स्वरतंतू जड होतो. जाड तार जशी खालच्या सुरात वाजते तसेच येथे घडते. बोलताना प्रौढ स्त्रीचे स्वरतंतू सेकंदास सुमारे २०० वेळा व पुरुषाचे सुमारे १२० वेळा कंप पावतात. स्त्रीच्या आवाजातील उतार म्हणूनच लवकर जाणवतो. पुरुषाच्या बाबतीत "सर्दीने आवाज बसला" म्हणून तो विसरला जातो. त्यात जिव्हेचे जाड्य व स्नायूंची मंदता मिळाली की, शब्द लडबडतात आणि बोलणे संथ होते. मानवी स्वरयंत्राच्या ऊतींमध्ये या संप्रेरकाचे ग्राहक असल्याचे २००३ मध्ये संशोधकांनी दाखविले. म्हणजे स्वरयंत्र हे या संप्रेरकाचे प्रत्यक्ष कार्यस्थान असावे, असे मानण्यास आधार मिळाला.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. संप्रेरकाची कमतरता तीव्र असेल तर आवाजातील बदल व स्वरयंत्राचा शोथ यांविषयी दुमत नाही. परंतु टी.एस.एच. किंचित वाढलेले व टी-४ प्राकृत, अशा सौम्य अवस्थेत आवाज बिघडतोच असे ठामपणे म्हणता येत नाही. अशा रुग्णात स्वरभेदाचे दुसरे कारण आधी शोधावे, हेच श्रेयस्कर.

एका कंठतज्ज्ञाचे अनुमान

या ज्ञानाचा इतिहास उद्बोधक आहे. लंडनमध्ये सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत दिसणाऱ्या एका विलक्षण अवस्थेचे वर्णन केले; त्यात रुंद झालेली जिव्हा व घशातून येणारा जाड आवाज यांचा उल्लेख होता. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये तिला मिक्सिडिमा हे नाव दिले. मात्र कारण कोणास उमगले नव्हते. पुढे स्वित्झर्लंडमधील शल्यतज्ज्ञ थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये कळविले की, गलगंडासाठी संपूर्ण अवटुग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णांत काही काळाने अशीच मंदता व सूज येते. त्याच वर्षी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीत फेलिक्स सेमन यांनी सांगितले की, या दोन्ही अवस्थांचे मूळ एकच, अवटुग्रंथीचे कार्य नष्ट होणे. सेमन हे कंठरोगांचे, स्वरयंत्राचे तज्ज्ञ होते. त्यांच्या मताचे प्रथम स्वागत झाले नाही. परंतु सोसायटीने समिती नेमली आणि १८८८ च्या तिच्या अहवालाने त्यांचेच म्हणणे खरे ठरविले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्णेस बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले.

गळा पाहणाऱ्या एका वैद्यकाने गळ्यापलीकडे पाहिले, म्हणून ही गाठ सुटली. आमच्या हातून नेमके तेच राहून गेले होते.

संहितांत काय पाहिले होते

आपल्या संहितांत अवटुग्रंथीच्या संप्रेरकाचे वर्णन आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. गलगंड म्हणजे संप्रेरकाची कमतरता नव्हे. गलगंड असून संप्रेरक प्राकृत असू शकते आणि गलगंड नसतानाही ते कमी असू शकते. तथापि आचार्यांनी रुग्णशय्येजवळ जे पाहिले ते आजही मार्गदर्शक आहे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात गलगंडाची असाध्य लक्षणे सांगितली आहेत. कष्टाने श्वास घेणारा, सर्व गात्रे मृदू झालेला, वर्ष उलटून गेलेला, अरोचकाने पीडित, क्षीण आणि भिन्नस्वर झालेला गलगंडी वैद्याने वर्ज्य करावा, असा त्याचा आशय. श्वासकष्ट, सर्वांगाची मृदुता व स्वरभेद ही तीन लक्षणे येथे एकत्र येतात. ग्रंथी, श्वासमार्ग व स्वर यांचा संबंध त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता आणि ही अवस्था जिवावर बेतते हेही.

उत्तरतंत्राच्या त्रेपन्नाव्या अध्यायात स्वरभेदाचे सहा प्रकार आहेत. त्यातील मेदोज प्रकारात स्वर गळ्याच्या आतच राहतो, शब्द स्पष्ट कळत नाहीत, बोलणे विलंबाने होते आणि गळा, ओष्ठ व तालू लिप्त असतात. आमच्या रुग्णेचे यापेक्षा अचूक वर्णन आम्हांस करता आले नसते. त्याच अध्यायात मेदस्वी व्यक्तीचा, तसेच चिरकालीन स्वरभेद असाध्य म्हटला आहे. आम्ही कफजावर थांबलो व मेदोजाचा विचारच केला नाही. मेदाचा विचार झाला असता तर धात्वग्निमांद्याचा झाला असता आणि तेथून सर्व शरीराकडे दृष्टी वळली असती.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या बाराव्या अध्यायात कफज शोथ गुरू, स्थिर, पांडुर, निद्रा व अग्निमांद्य यांसह येणारा, हळू उत्पन्न होणारा व हळूच शमणारा असा सांगितला आहे. मिक्सिडिमाशी हे सारे जुळते. एक गोष्ट मात्र जुळत नाही. कफज शोथ दाबला असता तेथील खड्डा लवकर भरून येत नाही. मिक्सिडिमाच्या शोथात दाबूनही सहसा खड्डा पडत नाही. साम्य दाखविताना हा भेद लपवू नये. उलट शोथाच्या सापेक्ष निदानात तो अंगुलीने तपासता येण्याजोगा मुद्दा आहे.

शोथ श्वासमार्गावर येतो तेव्हा

दीर्घकाळ उपचार न झालेल्या रुग्णांत स्वरयंत्र, जिव्हा व गलद्वार यांचा शोथ एवढा वाढू शकतो की श्वासमार्ग अरुंद होतो. घोरणे वाढते, झोपेत श्वास अडखळतो. शीतऋतू, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा निद्राकर औषध एवढ्या निमित्ताने असा रुग्ण मूर्च्छित होऊ शकतो आणि ही अवस्था प्राणघातक आहे. श्वास आत घेताना कर्कश आवाज येणे, लाळ गिळता न येणे, वाढती तंद्रा, अंग थंड पडणे यांपैकी काहीही दिसल्यास चिकित्सालयात एक क्षणही न दवडता रुग्णास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. काही मिनिटांत वा तासांत एकाएकी आलेला गळ्याचा शोथ मात्र असात्म्य द्रव्य, कीटकदंश वा औषध यांमुळे असण्याची शक्यता अधिक, तोही तातडीचाच.

याच कारणास्तव आमचे मत असे की, स्वरभेद व अंगशोथ असलेल्या रुग्णात कफाधिक्य पाहून लगेच वमन योजू नये. श्वासमार्ग अरुंद, जिव्हा जाड व प्रतिक्षेप मंद असता वांतद्रव्य श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शोधनाचा विचार रक्तपरीक्षेनंतर व संप्रेरक प्राकृत झाल्यानंतर करावा. निद्राकर कल्पही अशा रुग्णास देऊ नयेत.

चिकित्सालयात काय करावे

तीन आठवड्यांपलीकडे टिकलेल्या प्रत्येक स्वरभेदात स्वरयंत्राची प्रत्यक्ष परीक्षा करवून घ्यावी. तंबाखू, मिसरी, विडी यांचे सेवन असल्यास तर ती टाळताच येणार नाही, कारण तेथे कर्करोगाची शंका प्रथम दूर झाली पाहिजे. त्याबरोबरच शीतासहिष्णुता, मलावष्टंभ, रूक्ष त्वचा, केशपतन, आर्तवविकृती, वजनवाढ, विस्मृती यांपैकी दोन-तीन लक्षणे असतील तर टी.एस.एच. व टी-४ तपासावे. ही व्याधी दुर्मीळ नाही. मुंबईसह देशातील आठ शहरांत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे दहात एकास संप्रेरकाची कमतरता आढळली आणि त्यातील अनेकांना आपल्या व्याधीची कल्पनाही नव्हती. रुग्णाच्या घरच्यांना "फोनवर आवाज ओळखू येतो का?" एवढे विचारावे, रोज ऐकणाऱ्या कानापेक्षा महिन्याने ऐकणारा कान अधिक विश्वासू असतो.

निदान निश्चित झाल्यावर थायरॉक्सिनची योजना तज्ज्ञांनी करावी व ती चालू राहील हे आपण पाहावे. कांचनार गुग्गुळाचा पाठ शार्ङ्गधरसंहितेत असून त्याच्या फलश्रुतीत गंडमाला, अपची, अर्बुद व ग्रंथी यांचा निर्देश आहे. तो आपला आदरणीय कल्प आहे. पण जे संप्रेरक शरीर तयारच करीत नाही त्याची जागा तो घेईल असे मानण्यास आधार नाही. "गोळी बंद करा, आमचे औषध घ्या" हा सल्ला तीव्र कमतरतेच्या रुग्णास वरील मूर्च्छेपर्यंत नेऊ शकतो. दीपन-पाचन, अनुलोमन, आहारविहाराचे नियमन, स्वरास विश्रांती, गंडूष यांस मात्र पुष्कळ वाव आहे आणि रुग्णास त्याचा लाभ होतो, असा आमचा अनुभव आहे.

औषधालयचालकांसाठी

ज्यांच्या गल्ल्यावर दोन्ही शास्त्रांची औषधे विकली जातात, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाचे असते. लोह व कॅल्शियम त्याचे शोषण कमी करतात. आपले मंडूर व लोह भस्माचे कल्प, तसेच शंख, प्रवाळ, मौक्तिकशुक्ती व कपर्दिका भस्म यांत हीच द्रव्ये आहेत. गोळी व हे कल्प यांच्यात किमान ४ तासांचे अंतर ठेवावयास सांगावे. इसबगोलही त्याच वेळी देऊ नये. गोळी नियमित घेऊनही टी.एस.एच. उतरत नाही अशा रुग्णास, सकाळी आणखी काय घेता, हे अवश्य विचारावे.

अश्वगंधेने या संप्रेरकांची पातळी वाढल्याचे लहान चाचण्यांत आढळले आहे आणि काही रुग्णांत ती प्रमाणाबाहेर वाढल्याचीही नोंद आहे. थायरॉक्सिन चालू असता अश्वगंधा वैद्याच्या देखरेखीविना देऊ नये. यष्टिमधु स्वर्य खरे. परंतु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. अवटुग्रंथीच्या रुग्णांत रक्तदाब आधीच वाढलेला असू शकतो, म्हणून महिनोन्‌महिने यष्टिमधु चघळण्याची सवय लागू देऊ नये.

शेवटचा मुद्दा लवणाचा. सैंधव पथ्यकर म्हणून आपण सांगतो, परंतु त्यात सहसा आयोडीन मिसळलेले नसते. केंद्र शासनाने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याचा पाया आयोडीनयुक्त मीठ हाच होता. संपूर्ण घराचे मीठ बदलून केवळ सैंधव वापरण्याचा सल्ला, विशेषतः गर्भिणी व स्तन्यदा यांना, देऊ नये. गर्भाच्या बुद्धीची वाढ त्यावर अवलंबून असते.

उपसंहार

आमच्या रुग्णेस थायरॉक्सिन सुरू झाले. पहिला महिना आवाजात काहीच फरक नव्हता. गोळीचा परिणाम रक्तात स्थिर होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात आणि साठलेला शोथ उतरण्यास त्याहून अधिक, हे त्यांना आधीच सांगून ठेवले होते म्हणून त्यांचा धीर सुटला नाही. दुसऱ्या महिन्यात पापण्या उतरल्या, मलावष्टंभ गेला. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस औषधालयात दूरध्वनी आला व मदतनिसाने आत येऊन सांगितले, "शाळेच्या बाईंचा फोन आहे." त्याने नाव विचारले नव्हते.

चौथ्या तासाला त्यांचा आवाज आता पुरतो. भजनातील जुनी पट्टी अजून पूर्णपणे लागलेली नाही. ते दहा आठवडे वाया गेले नसते तर कदाचित लागली असती, ही रुखरुख आम्हांस आहे. स्वरभेदाच्या रुग्णाचा गळा आपण पाहतोच. तो बंद करण्यास सांगण्यापूर्वी क्षणभर पापण्यांकडे, जिव्हेच्या कडांकडे व नाडीकडेही पाहावे आणि शंका आल्यास रक्तपरीक्षा लिहून द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.